शामूची भाकड म्हस

कवठे महांकाळच्या स्टँडवर एसटी लागली की शामू आधी खिडकीतून टॉवेल टाकतो, मग गाडीची पाटी वाचतो. गाडी रिकामी असली तरी टाकतो. आम्ही दोघंच चढणार असलो तरी टाकतो. एकदा टॉवेल जतच्या गाडीत पडला आणि जतला जाऊन आला. कंडक्टरनं दुसऱ्या दिवशी आणून दिला. शामूला त्याचं काही नाही. "माज्याआदी त्यो फिरून आला," म्हणाला.

शामू माझा शेजारी, भिंतीला भिंत. माझी शाळा चौथीपर्यंत, त्याची तिसरीपर्यंत, त्यामुळं बोलणं बरोबरीचं. असा हा माणूस जर्मनीत सहा महिने राहून आला. त्याचा दिलीप तिकडं नोकरीला आहे. पण दिलीपकडं गाडी नाही. पोरगं बसनं कामाला जातं, हे ऐकून शरम गावाला वाटली. लोक तोंडावर विचारायचे, "शामू, इमानानं जाऊन तितं बी यष्टीच व्हय?"

"गाडी म्हंजे भाकड म्हस," शामू म्हणायचा. "उभी ऱ्हायली तरी खाती. तितं तर तिला उभी करायला बी भाडं पडतंय. आन बस? म्हातारं माणूस बघितलं की गुडघं टेकती."

लोक हसायचे. पण तिथली बस म्हणे खरंच दाराच्या अंगाला खाली वाकते. शामू रोज नुसता ती वाकलेली बघायला जायचा. टॉवेल त्यानं तिथंही टाकला. खिडक्या उघडत नाहीत म्हणून दारातून टाकला. एका बाईनं तो उचलला, घडी घातली आणि त्याच्या हातात दिला. शामूनं परत टाकला. तिनं परत दिला. "माजा थांबा येईपत्तूर आमचं ह्येच," तो सांगतो. "दोगं बी उभ्यानंच."

माझा सुरेशही त्याच देशात, दुसऱ्या गावाला. त्याच्याकडं मात्र गाडी. लाल. तिचा फोटो आला तेव्हा माझी बायको हौसा तो घरोघर दाखवत हिंडली. तेव्हा ती हिंडत होती. शामू जर्मनीला निघाला तेव्हा खाटेवर होती. तिनं गाडीला बांधायला काळी बाहुली करून दिली आणि म्हणाली, "भावजी, माज्या वाटणीचं त्या गाडीत तेवढं बसून या."

शामू परत आला तो बॅग दारात टाकून थेट तिच्या खाटेपाशी.

"वैनी, सुरेशनं लय फिरवलं. मी फुडं बसलो, त्येच्या डाव्या हाताला, आपल्या जीपमदी बसतो तसा. बाहुली आरशाला बांधली."

मग रोज सांजेला तो यायचा आणि ती लाल गाडी आमच्या सोप्यातनं, हौसाच्या खाटेपासून निघायची. कधी नदीकाठानं, कधी द्राक्षाच्या मळ्यातनं. जगातल्या सगळ्या गाड्या भाकड, एवढी सुरेशची दुभती. मला संताप यायचा. जेवणवेळ झाली तरी हा उठायचा नाही. हौसा विचारायची, "आज कुटवर गेलासा, भावजी?" आणि ऐकता ऐकता चार घास घ्यायची. मी भरवलेलं तोंडातून बाहेर यायचं.

सुरेशचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी, तोही मलाच, घाईत.

संक्रांतीनंतर हौसा गेली. सुरेश आला नाही. रजा नव्हती. गाडी आहे, विमान आहे, रजा नाही.

परवा त्याचा व्हिडिओवाला फोन आला. गाडीतच बसला होता. बघतो तर स्टेरिंग डाव्या अंगाला आणि त्याच्यामागं हा.

"ह्ये उलटं कसं रं?"

"आबा, हिकडं सगळ्यांचं असंच असतंय."

"आन आरशाची बाहुली कुटं गेली?"

"कसली बाहुली?"

"शामूकाकानं बांधल्याली. तू त्येला फिरवलंस तवा."

"काकांचा फोन आलता, येतो म्हणून. मला जमलं न्हाई त्या आठवड्यात. मग ऱ्हाऊनच गेलं."

मी फोन ठेवून दिला.

काल बाजार होता. येताना स्टँडवर गाडी लागली, टॉवेल आत गेला, मागून आम्ही. शामूनं मला खिडकीकडं सरकवलं.

"शामू," मी म्हणालो, "जर्मनीत मोटारीचा डायवर कुठल्या हाताला बसतो रं?"

त्यानं टॉवेलाची घडी घातली. मोडली. परत घातली.

"काय म्हाईत, गड्या. मी आपला बसमदी मागं बसायचो. मागनं दिसत न्हाई."

गाडी फाट्याला लागली. बाहुलीचं मी विचारलं नाही. हौसा रोज सांजेला त्या लाल गाडीतनं फिरून आली, शेवटच्या दिवसापर्यंत. आता तिला खाली कोण उतरवणार.