तांबड्या ब्रेकांची हकीकत

श्रीविघ्नहर्ता त्या दिवशीं जागा होता, म्हणोन हें लिहिणें प्राप्त जाहालें. झोपीं जाता तर लिहावयाचें तें निराळेंच होतें. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास, नवरात्राचे दिवस. एके राज्यीं विश्रामराव राजे राज्य करीत असत. राज्य म्हणजे दोन खोल्या खालीं, दोन वर, पुढें पोर्च, आणि पोर्चापासोन फाटकापर्यंत दोहों भिंतींमधून चिंचोळा उतार. पट्टराणी हेमांगीबाई. रथ पांढरा, चारचाकी, जुना परंतु इमानी. आम्ही शेजारचे, चहास दरबारीं बसणारे, स्वभावानें भित्रे. तरी डोळ्यांनीं देखिलें तेंच लिहितों.

तों काय जाहालें, समोरचे संस्थानिकांनीं नवा रथ आणिला, आणि त्याचे चाकांआडून तांबडे कॅलिपर झळकूं लागले. कॅलिपर म्हणजे चाकाची चकती घट्ट धरोन रथ थांबवितो तो लोखंडी पंजा. राजियांचे रथाचे पंजे गंजोन तपकिरी जाहाले होते, आणि समोरचा तांबडा रंग पाहोन राजियांचे पोटांत दुखूं लागलें, आणि मर्जी जाहाली कीं दसऱ्याचे पूजेआधीं आपलेही पंजे तांबडे करावे, आणि तेही स्वहस्तें. राणीसाहेब बोलिल्या, "अहो, दुसरं काहीही रंगवा. दार रंगवा, कुंड्या रंगवा. ब्रेकला कशाला हात लावताय? मला भीती वाटते." राजे हांसोन बोलिले, "अगं, ब्रेक थोडीच बिघडवतोय? नुसता रंग देतोय. मोबाईलवर सगळं बघितलंय." बघितलें होतें खरें, परंतु ती चित्रफीत रंग वाळेपर्यंतच पाहिली, आणि पुढील जोडणी सोपीच म्हणोन कंटाळा करोन बंद केली.

मग अष्टमीस पोर्चांत मोहीम मांडिली, आणि जॅक लाविला, आणि पुढील चाकें उतरविलीं, आणि बोल्ट हालेनात तेव्हां राजे पान्यावर पाय देऊन उभे राहिले, आणि शिकंजा आवळोन पंजांतील दट्ट्या मागें रेटिला, आणि पंजा सोडवोन तारेनें टांगिला, जेणेंकरून ब्रेकतेलाची रबरी नळी ताणूं नये. ती करंगळीएवढी नळी पाहोन आम्हांस धडकी भरली. आजवर आम्ही हिच्याच भरंवशावर घाट उतरलों, हें ठाऊकच नव्हतें. मग तारेचे ब्रशानें गंज खरडिला, आणि चिकटपट्टी लाविली, आणि उष्णता सोसणारा तांबडा रंग दोनदां दिला, आणि वाळल्यावर होतें तैसें जोडोन बोल्ट आवळिले, आणि समाधान होईना म्हणोन पुन्हां आवळिले. राजे बोलिले, "बघा, एक नटसुद्धा उरला नाही!" आम्ही वाहवा केली, परंतु जीव खालींवर होतच राहिला. मग रथ तैसाच पोर्चांत उभा ठेविला, तो दसऱ्यापर्यंत हालविला नाहीं.

दसऱ्याचे सकाळीं रथास झेंडूची माळ घातली, आणि बॉनेटावर कुंकवाचें स्वस्तिक काढिलें, आणि चाकांपुढें लिंबें ठेविलीं. राणीसाहेब जरीची साडी नेसोन, रथास ओवाळोन, मग ताट घेऊन उतार उतरोन बंद फाटकापाशीं गेल्या. त्यांचे बंधु दिगंबरराव पोर्चांत मोबाईल धरोन होते. ते बोलिले, "ताई, तिथंच थांब, छान दिसतेस. दाजी, लिंबं चिरडा आणि हातभर पुढं घ्या, म्हणजे फोटोत लाल ब्रेक येतील." राजे आरूढ जाहाले, आणि इंजिन सुरू केलें, आणि हातब्रेक सोडिला, आणि लिंबें फुटलीं, आणि रथ उतारास लागला. राजियांनीं ब्रेक दाबिला. पाय थेट तळास गेला. पायाखालीं कांहींच नव्हतें.

त्याचें कारण ऐसें. दट्ट्या मागें रेटिला म्हणजे पायाचा ब्रेक पोकळ होतो, आणि रथ हालविण्यापूर्वीं उभ्या जागींच तो पुष्कळदां दाबावा, तेव्हां दट्ट्या पुढें येऊन चकती धरितो. हें त्या न पाहिलेल्या भागांत होतें. राजियांस हातब्रेक आठवेना, हॉर्न आठवेना, डोळे तेवढे राणीसाहेबांवर. राणीसाहेब हांसत उभ्या. दोहों अंगांस भिंती, पाठीशीं लोखंडी फाटक, आणि रथ अंगावर येतो. राजियांनीं पाय उचलोन पुन्हां मारिला, पुन्हां पोकळ. आणि पुन्हां मारिला, तेव्हां कोठें पायास कांहीं लागलें, आणि रथ कचकन थांबला, आणि झेंडूची माळ पुढें झुलोन राणीसाहेबांचे निऱ्यांस लागली.

दिगंबरराव मोठ्यानें हांसले. बोलिले, "दाजी, भारी घाबरवलंत हो! ताई जागची हलली नाही!" पूजेस आलेल्या सगळ्यांस ती थट्टाच वाटली आणि पेढे वाटले. राजियांनीं पेढा घेतला आणि तो हातांतच राहिला.

मग पाहुणे गेले, आणि राणीसाहेब देवघराशीं निरांजन उतरवीत होत्या, तेथें राजे जाऊन उभे राहिले. आम्ही पायरीवर चपला शोधीत होतों म्हणोन ऐकिलें. राजे बोलिले, "तू बाजूला का नाही झालीस?"

राणीसाहेब बोलिल्या, "कशाला होऊ? मला माहीत होतं, तुमचा पाय ब्रेकवर असणार."

राजियांनीं हातांतील पेढा देवापुढें ठेविला. मग हळूच बोलिले, "होताच गं. पाय ब्रेकवरच होता."

राणीसाहेबांनीं मान वर करोन राजियांचें तोंड पाहिलें, आणि ताट खालीं ठेविलें, आणि मग तेथेंच पाटावर बसल्या. राजे शेजारीं भुईवर बसले.

इतकी हकीकत. मनुष्यहानि नाहीं. रंग उत्तम बसला आहे.