आवृत्ती कायम करण्याबाबत

जगात जे जे बंद पडत नाही, ते ते सुरळीत चाललं आहे असं मानण्यात येतं. स्टॉकहोमच्या उपनगरातलं ते टेलिफोन एक्स्चेंज अकरा वर्षांत एकदाही बंद पडलं नव्हतं, सबब ते सुरळीतच होतं. त्याची सगळी प्रणाली एरलँग भाषेत लिहिलेली. या भाषेचा मोठेपणा असा, की माणसं फोनवर भांडत असतानाच खालची प्रणाली बदलता येते आणि भांडणात खंड पडत नाही. (जनहित म्हणतात ते हेच.)

या अकरा वर्षांतली प्रत्येक सुधारणा तिथली प्रोग्रामर गुनिल्ला हिने चढवली होती. नव्या आवृत्तीत पुढे जायच्या सूचनेसोबत, बिघडलं तर जुनीत मागे यायची सूचनाही लिहायची असा दंडक. तोही तिने पाळला. राहिलं होतं एवढंच, की नवी आवृत्ती चढवली तरी ती नुसती 'चालू' होते. ती 'कायम' करायला एका ओळीची वेगळी आज्ञा द्यावी लागते. नाही दिली, तर यंत्र बंद करून परत लावल्यावर ते जुन्या आवृत्तीतच जागं होतं. ती आज्ञा कधीच दिली गेली नव्हती, कारण कायम करायला सर्वांची संमती लागते. (बहुमत चालत नाही. स्वीडनमध्ये बहुमत म्हणजे काही लोक नाराज असल्याचा पुरावा.)

आणि आता इमारतीची वायरिंग बदलायची म्हणून शुक्रवारी एक्स्चेंज बंद होणार होतं. गुनिल्लाने कॉफीच्या सुट्टीत, दालचिनीचे बन मधे ठेवून, विषय काढला.

"आज कायम करून टाकूया. नाहीतर माझी अकरा वर्षं पाण्यात!"

"अगं, तुझ्या कामाबद्दल कुणाचं दुमत नाहीच मुळी," चाचणी विभागाचा बेंग्ट म्हणाला. "फक्त 'कायम' म्हटलं की जरा कायमचं वाटतं."

"अरे बाबा, त्याचा अर्थच तो आहे!"

"ओरडू नकोस गं," साहेब असलेला टॉर्स्टन हळूच म्हणाला. "सगळ्यांना काय वाटतं ते ऐकूया."

सगळ्यांना असं वाटत होतं, की सगळ्यांना काय वाटतं ते ऐकावं. ताटलीत शेवटचा बन उरला. तो उचलणं असभ्य, म्हणून एकाने अर्धा घेतला, दुसऱ्याने उरलेल्याचा अर्धा, असं होत होत एक कण राहिला. निर्णयही साधारण तेवढाच झाला: सोमवारी पुन्हा बसायचं.

गुनिल्लाचे हात नुसते शिवशिवत होते. आज्ञा एकटीने देता आली असती. पण कुणाला न विचारता? तिने तो कणसुद्धा उचलला नव्हता.

शुक्रवारी एक्स्चेंज बंद झालं, वायरी बदलल्या, परत चालू झालं, आणि अकरा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत जागं झालं. गुनिल्लाचं सगळं काम गेलं. ती तक्रारींच्या फोनशेजारी जीव मुठीत धरून बसली. दिवसभरात तो एकदाच वाजला.

"काय केलंत गं?" एका आजीबाईंनी विचारलं. "आज आवाज कसा छान येतोय! काहीतरी सुधारणा केलेली दिसते. आता हात लावू नका हं."

सोमवारी जुनी आवृत्ती कायम करायला एकमताने संमती मिळाली. (ती आधीपासून कायमच होती, पण संमतीचं समाधान वेगळं.) गुनिल्लानेही हात वर केला आणि तिला रडू फुटलं. कॉफी फार गरम आहे, असं तिने सांगितलं.

वाचकहो, हसायचं तर खुशाल हसा. फक्त परवा तुमचा फोन 'महत्त्वाची सुधारणा' म्हणून अर्धा तास अडून बसला होता ना, त्यात काय बदललं तेवढं सांगा. एखादी तरी गोष्ट आठवा हो. कुठल्यातरी गुनिल्लाला तेवढंच बरं वाटेल.