कुमुदताईच्या केसांची लेखी नोटीस

सोमवारी सकाळी सव्वासहा वाजता माझ्या थोरल्या बहिणीच्या केसांनी तिला एक महिन्याची लेखी नोटीस दिली.

नोटीस न्हाणीघरातल्या पांढऱ्या टाइल्सवर होती. ओले केस एकेक करून टाइलला चिकटले होते आणि त्यांची अक्षरं झाली होती. शुद्धलेखनात एकही चूक नव्हती. मी स्टुलावर बसून मजकूर वहीत उतरवून घेतला: "आम्ही आपल्या डोक्यावर अठ्ठावन्न वर्षं आहोत. हल्ली ताण सोसवत नाही. आजपासून तीस दिवसांनी, बुधवारी सायंकाळी सहा वाजता, आम्ही सर्वजण सेवेतून मोकळे होत आहोत. तोपर्यंत काम चोख राहील. आपले, समस्त केस." खाली सहीच्या जागी डाव्या कानावरचा एक पांढरा केस होता. तो त्यांच्यात सर्वांत ज्येष्ठ.

घरात आम्ही दोघंच. मी वजनकाटे दुरुस्त करतो. कुमुदताई पुढच्या खोलीत केसांचं पार्लर चालवते. माका, ब्राह्मी, जास्वंद आणि आस्कंदाची मुळी लोखंडी कढईत घालून ती स्वतः तेल काढते आणि रोज दहा-अकरा डोक्यांना चोळते. तिची वेणी गुडघ्यापर्यंत आहे. पार्लरला पाटी नाही, लागलीच नाही.

नोटीस येण्याआधी ताईच्या कंगव्यात रोज सरासरी चौसष्ट केस सापडत. नोटिशीच्या दुसऱ्या दिवसापासून एकही सापडेना. सगळे शेवटच्या तारखेपर्यंत हजर राहणार होते.

"ही शिस्त मला आवडली," मी म्हणालो.

"शिस्त कसली आवडतेय तुला, बापू! बुधवारी सहाला माझा सोललेला नारळ होणार आहे. तुझे बरे, न सांगता गेले. निदान महिनाभर धास्ती तरी नव्हती."

मी टोपी सारखी केली.

"नारळाच्या हातचं तेल कोण लावून घेईल?" ती म्हणाली आणि कढई घासायला गेली. त्या दिवशी तिनं ती तीनदा घासली.

शाळेतल्या डिसलेबाई नेहमीच्या वेळी आल्या. त्यांच्या लेकीनं पुण्याहून एक बाटली पाठवली होती. त्यात ताण सोसणाऱ्या वनस्पतींचा अर्क आहे, असं वेष्टनावर छापलं होतं. गुण चांगला आला होता. फक्त बाईंचे केस इतके निवांत झाले होते, की अंबाड्यात राहायला तयार नसत. दुपारी एक ते तीन ते झोपत. त्या वेळात बाई तास घेत नसत.

"कुमुद, नोटीस आली म्हणजे मध्यस्थ मिळतो," डिसलेबाई म्हणाल्या. "आमच्या मुख्याध्यापकांच्या मिशांना मिळाला होता. अर्ज कर. रडत बसू नकोस."

"रडतंय कोण? कांदा चिरत होते."

"पार्लरमध्ये?"

अर्ज मी लिहिला. अंगणातल्या तुळशीचं नाव मी आधी सुचवलं होतं, पण आपण रोज ताईच्या हातचं पाणी पितो, तेव्हा आपल्याला निःपक्षपाती म्हणता येणार नाही, असं तिनं स्वतःच कळवलं. तिच्याबद्दल माझा आदर वाढला. जिल्ह्याच्या कार्यालयानं मग अश्वगंधेची नेमणूक केली.

ती दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी एसटीनं आली, मातीच्या कुंडीत, खिडकीजवळच्या सीटवर. दोन वीत उंची, पानं मळकट हिरवी, झाकणात बसलेली लालसर फळं. दिसायला अगदी साधी. मी तिला दोन्ही हातांनी उतरवून घेतलं आणि प्रवास कसा झाला असं विचारलं. "बरा," ती म्हणाली. तोवर आम्ही घरी पोचलो होतो.

अश्वगंधा सावकाश बोलते. मी घड्याळ लावून पाहिलं: एका शब्दाला साधारण एक मिनिट. वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्याला थांबावंच लागतं, आणि थांबता थांबता त्याचे खांदे खाली येतात. हे मी स्वतःवर तीनदा, ताईवर एकदा आणि दूधवाल्यावर एकदा ताडून पाहिलं. दूधवाला त्या दिवशी पुढच्या गल्लीत गेलाच नाही. इतकं काम इतक्या कमी हालचालीत करणारं मी दुसरं कोणी पाहिलेलं नाही.

डिसलेबाईंनी तिला पुण्याची बाटली दाखवली. तिनं बाटलीकडे एक पान वळवलं.

"माझी… लांबची… पुतणी… आहे. चांगल्या… घरी… पडली."

"वेष्टन फार भपकेबाज आहे हो," डिसलेबाई म्हणाल्या.

"वय… आहे… तिचं."

सुनावणी न्हाणीघरात झाली, कारण केसांना लिहायला टाइल लागते. कुंडी मी स्टुलावर ठेवली. ताई पाटावर बसली. मी दाराशी वही घेऊन.

केसांनी आपली बाजू तीन टाइलभर मांडली. मालकीणबाई रोज अकरा डोक्यांना तेल लावतात. लावताना गुणगुणतात. आम्हाला मात्र कढईतलं उरलेलं, उभ्या उभ्या, एका हातानं. दुसऱ्या हातात फोन. त्या वेळी त्यांच्या मनात गॅसचा सिलिंडर असतो, तो आमच्या मुळाशी येतो. तक्रार नाही. थकलो आहोत.

ताईनं ते दोनदा वाचलं.

"मग काय करू?" ती म्हणाली. "स्वतःच्या डोक्याशी बसून गुणगुणू? वेड्यात काढतील लोक. आणि तेल तर तेच आहे ना! आस्कंद आहे त्यात. अश्वगंधाबाई, तुमचीच मुळी आहे, तुम्हीच सांगा."

अश्वगंधेनं सांगितलं. मी शब्द येतील तसे लिहिले.

"ताण… मी… घेते. पण… कोणी… दिला… तर."

सात मिनिटं झाली होती. नळ थेंबथेंब गळत होता, तोही थांबला.

निकाल असा लागला: कुमुदताईनं दर रविवारी दुसऱ्या कोणाकडे पाठ करून बसावं आणि डोकं त्याच्या हातात द्यावं. दुसरं कोण, हे निकालात नव्हतं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"हा?" ताई म्हणाली. "ह्याला तराजू आणि डोकं ह्यातला फरक कळत नाही."

रविवारी सकाळी साडेनऊला मी पंधरा ग्रॅम तेल तोलून कोमट केलं. ताई पाटावर बसली, पण पाठ करून कसं बसायचं ते तिला ठाऊक नव्हतं. मान सारखी मागे वळे.

"बोटांची पेरं लाव, नखं नको. अरे, घासतोस काय, गंज काढतोयस का? उजवीकडे. माझं उजवं! तेल मानेवर आलं बघ. सोड, मीच—"

"ताई…" स्टुलावरून आवाज आला.

ताई थांबली. मीही बोटं तिथंच ठेवली. एक मिनिट गेलं.

"गप्प…"

बाहेर कोणीतरी पार्लरची कडी वाजवली आणि निघून गेलं.

"बसा."

तोवर ताईचे डोळे मिटले होते. मी कपाळापासून मागे जात राहिलो. काटा समतोल करताना जसा श्वास धरतो, तसा धरला होता, नंतर सोडला. कोणीतरी गुणगुणत होतं. ताई नव्हती, म्हणजे मी असणार. अश्वगंधेची दोन पानं पिवळी होऊन कुंडीत पडली. पुढच्या रविवारी आणखी तीन पडली. मी विचारलं, तर हे कामातच धरलेलं असतं, असं ती म्हणाली.

बुधवारी साडेपाचपासून आम्ही न्हाणीघरात होतो. ताईनं वेणी पुढे घेऊन दोन्ही हातांत धरली होती. डिसलेबाई एक रुमाल घेऊन आल्या होत्या, बांधायला लागला तर. माझ्या घड्याळात सहा वाजले. सहा वाजून एक मिनिट झालं.

ताईच्या डोक्यावरून चौसष्ट केस उतरले आणि टाइलवर नीट लागले. "रविवार, साडेनऊ. हात तेच. बाकी सर्वजण कामावर आहोत."

मी मोजून खात्री केली. डिसलेबाईंनी रुमालानं स्वतःचे डोळे पुसले आणि आज कांदा फार तिखट आहे, असं म्हणाल्या.

गुरुवारी मी अश्वगंधेला स्टँडवर सोडायला गेलो. खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी सुरू झाली तेव्हा तिनं माझ्याकडे पान वळवलं.

"ताईंना… सांगा…"

पुढचा शब्द यायच्या आत गाडी फाटकाबाहेर गेली. मी वहीत ते दोन शब्द लिहिले आणि पुढे दीड ओळ मोकळी सोडली.

घरी येऊन ताईला दोन शब्द सांगितले, दीड ओळही दाखवली. तिनं ती बराच वेळ पाहिली. मग पाट ओढला, माझ्याकडे पाठ करून बसली आणि वेणी सोडली. वार गुरुवार होता. मी तेल कोमट करायला ठेवलं.