राजेश्वरीचा झोका

सातव्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की जेवणानंतर बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवा, दोन तासांत दहा तरी जाणवायला हव्यात. सांगितलं राजेश्वरीला, पण मनावर घेतलं तिच्या नवऱ्यानं. अमृत तळेगावच्या एका कारखान्यात माल तपासायचा. त्याच्या घरात कोथिंबीरसुद्धा तपासल्याशिवाय येत नसे. त्यानं वही घातली. राजेश्वरीनं बोट वर करायचं, यानं रेघ मारायची.

"अवो, सासूबाई बघत्यात," ती लाजायची.

"बघू दे की," म्हणत हा रेघ ओढायचा.

रविवारी तिच्या माहेरी, कान्ह्यात, डोहाळजेवण होतं. तिच्या वडिलांनी, आबांनी, अंगणात झोपाळा टांगला होता. हिरवी साडी, फुलांचा मुकुट आणि हातात पुठ्ठ्याचं धनुष्य अशी राजेश्वरी पुरणपोळी जेवून साडेबाराला झोपाळ्यावर बसली. या घरची पद्धत अशी, की प्रत्येकीनं एक गाणं म्हणायचं आणि ते संपेपर्यंत झोका द्यायचा. बायका होत्या एकवीस. त्यात धोंडामावशीच्या गाण्याला नऊ महिन्यांची नऊ कडवी, आणि मध्येच विसरली की ती पुन्हा पहिल्यापासून!

अडीच वाजता अमृत वही घेऊन आला. "किती झाल्या?"

राजेश्वरीनं पोटावर हात ठेवला. तिचा चेहरा उतरला. "अवो... एकबी न्हाई."

अमृतनं वही खिशात कोंबली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि हे पहिलंच. दुसरं काही सांगायला नको.

"मामा, गाडी काढा!" तो सासऱ्यावर ओरडला. स्वतः काढायची सोय नव्हती. गाडी हलली की अमृत झोपायचा. स्वतःच्या वरातीतसुद्धा गडी घोरला होता. आज मात्र डोळे टक्क उघडे.

"मामा, जरा पळवा."

"पळवली तर आदळंल की!"

"मग हळू घ्या."

"हळू घिऊ का पळवू, एक काय ते सांगा पाव्हणं!"

मागच्या सीटवर शालूबाई लेकीला गूळ भरवत देवाचा धावा करत होत्या. पाठीमागून टेम्पोत वीस बायका येत होत्या. वडगावला लोणावळ्याहून परतणाऱ्या गाड्यांची ही रांग! अमृतनं राजेश्वरीचं धनुष्य खिडकीबाहेर काढलं आणि ते हलवत वाट मागू लागला. मांडीवर चिक्कीची खोकी घेतलेली माणसं हसत का होईना, बाजूला झाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी राजेश्वरीला डाव्या कुशीवर निजवलं आणि पोटाला यंत्र लावलं. मग ऐकू आलं, धडधड, धडधड, धडधड. अमृत भिंतीला टेकून हमसाहमशी रडला. आबांनी उगाच खिडकीबाहेर बघितलं.

"ठोके छान आहेत. आता जरा स्वस्थ पडून राहा."

दहा मिनिटांत आतून अशी लाथ बसली की यंत्र घसरलं. मग दुसरी, तिसरी. राजेश्वरी हसत होती आणि रडतही होती.

"जेवल्यावर काय करत होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झोपाळ्यावर व्हते. दोन तास. एकवीस बायकांनी झोकं दिलं."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, आई डोलत राहिली की बाळ पोटात गाढ झोपतं! पण आलात ते उत्तम केलंत. पुन्हा शंका आली तर असंच तडक यायचं. धनुष्य नसलं तरी चालेल."

बाहेर पॅसेजमध्ये इतका वेळ प्रत्येक बाई "म्या तर नुसता हात लावलेला" असं सांगत होती. खुशाली कळल्यावर धोंडामावशी उठलीच. "माज्याच झोक्यानं झोपलं ते! नऊ कडवी हायत, चेष्टा हाय व्हय?" त्यावर बाकीच्यांनी जे भांडण काढलं, त्यानं नर्स धावत आली.

परतताना अमृतनं मागच्या सीटवर वही उघडली. "आता नीट मोजू. बोट वर कर," म्हणाला. गाडी दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा त्याची पहिली रेघ पानावरून खाली घसरत गेली आणि डोकं बायकोच्या खांद्यावर आलं. तो घोरायला लागला.

राजेश्वरीनं पोटावर हात ठेवला. तिथंही सामसूम. पण आता तिला भीती वाटली नाही.

"आबा, सावकाश घ्या," ती म्हणाली, "दोघंबी झोपल्यात."