उंबऱ्यावरची पोथी

गुणवंत मास्तरांच्या घरात तेलाला बंदी होती. भाजी बिनफोडणीची आणि मास्तरांचे केस कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखे उभे. कारण एवढंच, की मठातून आणलेल्या जुन्या पोथीच्या शेवटी लिहिणाऱ्यानं पोथीच्याच तोंडून विनवलं होतं : मला तेलापासून जपा.

"भेव ठेव रे, भेव," मास्तर रोज म्हणत. "ज्याले भेव नाही, त्याची पोथी वाळवीनं खाल्ली."

मला हे सांगायची गरज नव्हती. चौथीत शाळा सुटली आणि पोटासाठी कोकणातून थेट अमरावतीला आलो. अक्षर बरं म्हणून मास्तरांनी नकला करायला ठेवलं, मागची खोली दिली. एखाद्या सकाळी हे सगळं संपेल, ही धास्ती मात्र कायम.

मास्तर भातकुलीकडच्या एका महानुभाव मठाचा इतिहास लिहीत होते. नागपुरात विद्यापीठ निघाल्यापासून त्यांना चेवच आला होता.

"त्याहिले म्हणा, आमचं विद्यापीठ इंग्रजाच्या आधीचं हाय. मठात पोट्टे राहत, भिक्षा मागून जेवत, ग्रंथ तोंडपाठ म्हणून दाखवत. बोर्डिंग झालं, परीक्षा झाली. राह्यलं काय? घंटा?"

महंतबाबा पोथी एकेक करून देत. दोन लाकडी फळ्यांमध्ये सुटी पानं, लिपी सांकेतिक. मास्तरांना ती वाचता येई. मी आपला चित्रं काढावीत तशी उतरवायचो. अट एकच : पान भुईला लागलं, की पुढची पोथी नाही. अजून तीन यायच्या होत्या. मठ कोणी स्थापला, ते त्यांतच होतं.

मास्तरांना आगीचंही भेव. म्हणून मी उंबऱ्यावर बसून लिहायचं, एक पाय बाहेर ठेवून. "छप्पर पेटलं तर पोथी घेऊन उडी मार. माह्यासाठी थांबू नको."

एका दुपारी आग नाही, वावटळ आली. पानं अंगणभर उडाली. मी धावून गोळा केली. शेवटचं पान शेजारच्या शेळीच्या तोंडातून ओढलं. कोपरा तिनं ठेवून घेतला.

"मास्तर, मी गावी जातो," मी कसंबसं म्हणालो.

"आधी पानं आण इकडं."

संध्याकाळपर्यंत ते वाचत गेले, मी क्रमानं लावत गेलो.

दुसऱ्या दिवशी महंतबाबा पोथी न्यायला आले. मास्तरांनी "दंडवत प्रणाम" म्हणायच्या आत त्यांना तो कोपरा दिसला.

"हे कोनं केलं?"

मास्तर म्हणाले, "माह्या हातून झालं, बाबा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या पोट्ट्यानं पानं सांडले असन तर तसं सांगा. ह्याले घालवा, बाकीच्या पोथ्या उद्या देतो."

मास्तरांनी एकदा पोथीकडे पाहिलं.

"नाही. माहाच हात."

बाबांनी पोथी फडक्यात बांधली आणि निघून गेले. मी मास्तरांचे पाय धरले. "काहून, मास्तर?" त्या घरात वऱ्हाडी माझ्याही तोंडात बसली होती.

"ऊठ बे. घरची गेली तवापासून तू येईस्तोवर एकटाच जेवत होतो," ते चुलीकडे वळत म्हणाले. "पोथी काय संग जेवाले बसते?"