बिबट्या ओढ्यापलीकडं गेला

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, असं शाळेत शिकवतात. चौथी शिकवत नाहीत, कारण ती न शिकवताच येते. ती म्हणजे "मला आधीच कळलं होतं" असं म्हणता येणं. पहिल्या तीन गरजांसाठी शासनाच्या योजना आहेत. चौथी मात्र जनतेनं कुणापुढं हात न पसरता, स्वतःच्या रिचार्जवर भागवली आहे, आणि त्याबद्दल जनतेचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

बेंबळी या बाबतीत फार पुढं. बातमी पडताळण्याची गावाची स्वतःची पद्धत आहे. फोनवर काहीही आलं तरी जबाबदार बेंबळीकर त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. तो त्याखाली "खरं आहे का?" असं लिहितो आणि चार जाणत्या माणसांना पाठवतो. ते चौघेही तितकेच जबाबदार असल्यानं आणखी चौघाचौघांना विचारतात. (चार हा किमान आकडा झाला. हौशी माणसं सगळ्या ग्रुपलाच विचारून मोकळी होतात.) जेवायची वेळ होईपर्यंत तीच बातमी मूळ माणसाकडं तीन-चार दिशांनी परत येते. इतक्या ठिकाणांहून आली म्हणजे ती खरीच असणार. पडताळणी पूर्ण होते. या पद्धतीत आजवर एकही बातमी खोटी ठरलेली नाही, हे मुद्दाम नमूद करायला हवं.

वैष्णवी याच गावची. धाराशिवच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज सकाळच्या एसटीनं जाते. घरून फोन मिळाला तो अभ्यासासाठी. दात घासायच्या आधीच तिचा अर्धा अभ्यास झालेला असतो. आज तीन राशींचं नशीब उघडणार आहे (तिची त्यात कधीच नसते). शिष्यवृत्तीची मुदत संपली आहे. शिष्यवृत्तीची मुदत वाढली आहे. उद्या सुट्टी जाहीर झाली आहे, पण ती कुठल्या राज्यात हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. आणि विद्यापीठानं "मोठा निर्णय" घेतला आहे. निर्णय कोणता, ते कळायला "सविस्तर वाचा" दाबावं लागतं. दाबलं की आधी गुडघेदुखीचं तेल येतं, मग पोट कमी करायचं चूर्ण, मग विद्यापीठाची स्थापना कधी झाली ते, आणि सगळ्यात खाली "याबाबत निर्णय लवकरच अपेक्षित आहे" हे वाक्य. यातून वैष्णवी चिकाटी शिकली. तीन वर्षांच्या पदवीत दुसरा कुठला विषय इतका रोजच्या रोज शिकवला जातो?

तर अशा या सुजाण गावात एका सोमवारी बिबट्या आला. तो "बेंबळी वादळ लाईव्ह"वर आला.

"बेंबळी वादळ लाईव्ह" चालवतात बब्रुवान. मुख्य संपादक, वार्ताहर, कॅमेरामन आणि जाहिरात प्रमुख ही सगळी पदं त्यांच्याकडंच आहेत, आणि वेळ उरला तर ते मोबाइलची काच बदलून देतात. त्यांनी फोटो टाकला : डांबरी रस्ता, रस्त्यावर बिबट्या, तोंड डावीकडं. वर मजकूर, "धक्कादायक! बेंबळी शिवारात बिबट्या? ग्रामस्थांमध्ये भीतीचं वातावरण." (बातमी टाकली तेव्हा असं वातावरण नव्हतं. पण बातमीत आलंय म्हटल्यावर गावानं ते दुपारपर्यंत तयार करून दिलं.) बिबट्यापुढचं प्रश्नचिन्ह तिसऱ्या ग्रुपपर्यंत टिकलं.

गावानं तातडीनं उपाययोजना केल्या. पारावर पत्ते खेळणाऱ्यांनी खेळ चालूच ठेवला, कारण घोळक्याजवळ बिबट्या येत नाही. धाब्याकडचा रस्ता वर्दळीचा म्हणून सुरक्षित ठरला. आणि मुलींचं कॉलेजला जाणं बंद करण्यात आलं.

वैष्णवीचं गुरुवारी रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. प्रॅक्टिकलला गैरहजर म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर पुढं काय, हे घरात आधीच ठरलेलं होतं, फक्त तिला सांगायचं राहिलं होतं. लातूरकडचं एक स्थळ दिवाळीपासून थांबून होतं.

तिनं फोटो मोठा करून बघितला आणि वडिलांपुढं धरला.

"आप्पा, ह्याच्या मागं बघा की. चहाचा मळा हाय. आपल्याकडं चहा पिकतो का?"

रामकिसन आप्पांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. ते विचारी गृहस्थ. घाईनं बोलत नाहीत.

"फोटो तिकडला असंल," ते म्हणाले. "पर बिबट्या हितलाच हाय."

"आन् हितल्या बिबट्याचा फोटो कुटं हाय मग?"

"त्याच्यासमोर हुभं राहून फोटो कोण काढील, पोरी? म्हणून तिकडचा टाकला."

आज्जी मथुराबाईंनी मान डोलावली. जनावर कुठलंही असलं तरी नातीनं त्याच्या तोंडी जाऊ नये, एवढीच त्यांची भूमिका होती. वैष्णवीला रडू यायला लागलं होतं, पण या दोघांवर चिडताही येत नव्हतं, कारण दोघंही तिच्या काळजीनंच असं बोलत होते.

मग तिनं सरळ मार्ग धरला. वनखात्यात फोन लावला. दुसऱ्या दिवशी एक वनरक्षक मोटरसायकलवर आला. त्यानं शिवार फिरून पाहिलं, चिखलातला ठसा पाहिला, हा कुत्र्याचा आहे म्हणाला, बिबट्या नाही म्हणून चार माणसांसमोर सांगितलं, चहा घेतला आणि गेला. माणूस अगदी सरळ होता. तो चहा पीत असतानाचा फोटो "बेंबळी वादळ"वर आला : "मोठी बातमी! वनविभागाची टीम गावात दाखल. बिबट्याचा शोध युद्धपातळीवर." बिबट्या नसता तर टीम कशाला आली असती, असं लोक वैष्णवीलाच विचारू लागले. टीम तिनंच बोलावली होती.

बुधवारी ती बब्रुवान यांच्या दुकानात गेली. ते एका फोनची काच उचकटत होते.

"बब्रुवान काका, बिबट्या न्हाय, अशी बातमी टाका."

"ती बातमी हुत न्हाय, ताई."

"का हुत न्हाय? खरी हाय की."

"खरी हाय गं. पर बिबट्या न्हाय हे तर रोजचंच हाय. काल न्हवता, परवा न्हवता. रोज टाकू का? लोक शिव्या घालतेल मला." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. पोरीचा चेहरा बघून त्यांना खरंच वाईट वाटलं. "हां, बिबट्या गेला, ही बातमी हुते. कुटं गेला तेवढं सांग. आत्ता टाकतो."

वैष्णवीला खोटं बोलायचं नव्हतं. पण खरं बोलून तीन दिवस वाया गेले होते आणि उद्या गुरुवार होता. शिवाय नसलेला बिबट्या गेला, यात खोटं असं कितीसं होतं?

"ओढा ओलांडून पलीकडं गेला," ती म्हणाली.

पलीकडं हा शब्द फार सोयीचा आहे. कचरा पलीकडं टाकता येतो, सांडपाणी पलीकडं सोडता येतं, आणि आता बिबट्याही तिकडं पाठवता आला. बब्रुवान यांनी तोच फोटो घेतला आणि आरशात दिसतो तसा उलटा केला. आता बिबट्याचं तोंड उजवीकडं झालं. तो निघालेला अगदी स्पष्ट दिसत होता. मागचा चहाचा मळाही त्याच्याबरोबर फिरला, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

गावानं नेहमीप्रमाणं "खरं आहे का?" विचारून पडताळणी केली आणि बातमी खरी ठरली. गाव मोकळं झालं. बिबट्याला पिटाळून लावल्याबद्दल तरुण मंडळानं स्वतःच्या अभिनंदनाचा बॅनर चौकात लावला. त्यावर मंडळाचे सगळे सदस्य होते आणि कोपऱ्यात बिबट्याही होता.

"उद्या म्या सोडतो तुला स्टँडवर," आप्पा जेवताना म्हणाले. "मन लावून कर पेपर."

"पेपर न्हाय आप्पा, प्रॅक्टिकल हाय."

"तेच ते."

गुरुवारी सकाळी आप्पांनी तिला गाडीवरून स्टँडवर सोडलं आणि ते शेताकडं गेले. वैष्णवी तहरीमची वाट बघू लागली. तहरीम तिच्याच वर्गातली, प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावरची. ओढ्यापलीकडच्या वाडीवर राहते आणि चालत बेंबळीच्या स्टँडवर येते. दोघी रोज एकाच सीटवर बसून जातात. बिबट्याच्या दिवसांतही तहरीमचं कॉलेज चालूच होतं, कारण वाडीवर बिबट्या नव्हता. तो अलीकडं होता. बेंबळीतून जावं लागू नये म्हणून तहरीमचे अब्बा समदचाचा तिला दोन दिवस लांबच्या फाट्यावर नेऊन सोडत होते.

वैष्णवीनं फोन लावला.

"कुटं हैस? गाडी यायली बघ."

"अब्बा न्हाय म्हणायलेत," तहरीमचा आवाज रडून बसला होता. "बिबट्या हिकडं आलाय म्हणं. फाट्यापतूर बी न्हाय म्हणायलेत. तुमच्याच गावची बातमी हाय, फोटो बी हाय."

पलीकडं म्हणताना वैष्णवीच्या डोळ्यांसमोर नुसती बाभळीची रांग होती. त्या बाभळींच्या मागं तहरीमचं घर आहे, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या वेळी आठवलं नव्हतं.

"चाचांना दे फोन."

समदचाचा वाडीवर किराणा दुकान चालवतात. पोरीला शिकवायचं म्हणून त्यांनी सोयऱ्यांचे टोमणे ऐकले आहेत. ते शांतपणे बोलले.

"बोल बेटा."

"चाचा, बिबट्या न्हायच. कवाच न्हवता. ती बातमी मीच टाकायला लावली."

"तू तहरीमसाठी बोलायलीस, कळतंय मला. चांगली पोरगी हैस तू. पर तुझ्या आप्पांनी मला सोमवारीच इचारलं होतं, खरं हाय का म्हणून. मला काय म्हाईत? म्या म्हणलं, असंल. काल म्या त्यांना इचारलं. ते म्हणले, व्हय, गेला हिकडून. आता तुझे आप्पा खोटं बोलतेल का?"

आप्पा खोटं बोलत नाहीत. सगळ्या पंचक्रोशीला हे माहीत आहे.

"चाचा, आज प्रॅक्टिकल हाय. वर्ष जाईल तिचं."

"वर्ष जाऊ दे, बेटा. पोरगी राहू दे."

एसटी आली. कंडक्टर दारात वाकून म्हणाला, "ताई, येतीस का राहतीस?" वैष्णवीनं एकदा ओढ्याकडं पाहिलं. धावत गेली असती तर वाडी अर्ध्या तासावर होती, आणि पुढची गाडी दुपारी होती. ती चढली. खिडकीशेजारची जागा तिनं सवयीनं मोकळी सोडली.

प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर ब्युरेट भरून ठेवलेली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नंबर पुकारला, दोनदा पुकारला, वर पाहिलं, आणि लाल शाईनं गैरहजेरीची दोन अक्षरं लिहिली. वैष्णवीच्या द्रावणाला अगदी हवा तसा फिकट गुलाबी रंग आला. परीक्षक "व्हेरी गुड" म्हणाले. आयुष्यात तिला एवढी स्वतःची लाज कधी वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी तिनं सगळं लिहून गावाच्या ग्रुपवर टाकलं. बिबट्या नव्हता, फोटो कुठला होता, तो उलटा कुणी केला, पलीकडं हा शब्द कुणी दिला. स्वतःचं नाव घालून लिहिलं. मजकूर मोठा होता, त्यामुळं कुणी "सविस्तर वाचा" दाबलं नाही. दोघांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, बहुधा कुणी वारलं असावं अशा समजुतीनं. एकानं मात्र खाली तोच बिबट्याचा फोटो डकवला आणि विचारलं, "खरं आहे का?"

आता तहरीमच्या घरी पाहुणे येऊन गेले आहेत. समदचाचांना स्थळ पसंत नाही, पण पोरगी घरी बसून आहे म्हटल्यावर "नाही" तरी कशाच्या बळावर म्हणायचं, असं ते म्हणतात.

इथवर वाचून तुम्हाला बेंबळीकरांचं हसू आलं असेल, आणि ते योग्यच आहे. तुम्ही शिकलेली माणसं, पुस्तकं वाचणारी. तुम्ही असलं काही पुढं पाठवत नाही. फक्त एकदा तुमचा फोन उघडा आणि घरच्यांच्या ग्रुपवर थोडं वर जा. डांबरी रस्ता, मागं चहाचा मळा, तोंड डावीकडं की उजवीकडं ते तुम्ही बघा. खाली "खरं आहे का?" असं तुम्हीच लिहिलं आहे. खोटं तर तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसतं विचारलंत, आणि उत्तर यायच्या आधी फोन खिशात ठेवून जेवायला बसलात. तुमच्या ओढ्यापलीकडं त्या दिवशी कुणाची परीक्षा होती, तेवढं मात्र विचारायचं राहिलं.