सातव्या नंबरची लॉरी

"अर्धा तास! घड्याळ लावून बस तू!" बिसुनदेवने फोनवर बायकोला ठणकावून सांगितलं.

"अहो, लॉरी धडधाकट चाललीय ना? मग रांगेत उभं राहून तिच्या पोटात हात कशाला घालताय?" सुभागी तिकडून करवादली. "ऊस गुरुवारी तोडलाय. आज पाचला फाटक बंद झालं की थेट सोमवार! चिपाडं होतील त्याची उन्हात!"

"तू रोट्या लाट. डिझेल इंजिनातलं मला शिकवू नकोस!"

लंबासाच्या साखर कारखान्यासमोर लॉऱ्यांची रांग दुपारी बारापासून जागची हलली नव्हती. आत कुठेतरी काहीतरी अडकलं होतं. बिसुनचा नंबर सातवा. रस्ता असा अरुंद, की पुढचा हलल्याशिवाय मागच्याला मुंगीएवढी वाट मिळायची नाही. डिझेलचा नवा फिल्टर महिनाभर सीटखाली लोळत होता आणि वेळ आयता चालून आला होता. मग सोडतो कोण?

सहाव्या नंबरच्या मुनसामीकाकांनी आंब्याखाली बसून नगोन्याची, म्हणजे झिंग आणणाऱ्या मुळीची, पूड पाण्यात कालवली, फडक्यातून पिळली आणि संध्याकाळसाठी म्हणून थोडा नगोना गोडेतेलाच्या जुन्या कॅनमध्ये भरून ठेवला. सावली म्हणून कुठे? तर बिसुनच्या पुढच्या चाकाशी! बिसुनचा डिझेलचा कॅनही तिथेच होता. तोही गोडेतेलाचाच.

"नवा फिल्टर कोरडा बसवतात ना, ती गाढवं!" बिसुनचं तोंड जमलेल्या ड्रायव्हरांकडे आणि हात मागे. "आधी काठोकाठ डिझेल भरायचं. म्हणजे नळीत हवा अडकत नाही, इंजिन एअर धरत नाही. कळलं का?"

बोलता बोलता त्याने कॅन उचलला, फिल्टर भरला, बसवला, आवळला आणि ऐटीत सेल्फ मारला.

घर्र, घर्र, घर्र. पुढे काही नाही! दहा वेळा मारला, तरी नाही.

"एअर धरलीय," तिसऱ्या नंबरचा अपिसाई म्हणाला. हा गडी दाराएवढा रुंद.

"भरून बसवलाय मी! एअर येईलच कशी?" बिसुन खेकसला. तरी त्याने फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप दाबायला सुरुवात केली. आतून मातकट, गढूळ पाणी भसकन उडालं, थेट त्याच्या तोंडावर. पण बिसुनचा चेहरा उजळला! दोष आपला नाही, हे कळल्यावर माणसाला किती बरं वाटतं!

"बघा! बघा काय पाजतायत आपल्याला! हे डिझेल आहे की गटार? मी वळणावरच्या पंपावर भरलं होतं."

"मीपण तिथेच!"

"आम्ही सगळे तिथेच भरतो रे!"

"मग खबरदार, सेल्फ मारलात तर! इंजेक्टर पंप जाईल, मग बसा बोंबलत. आधी फिल्टर उघडा!"

पाच मिनिटांत पुढच्या सहाच्या सहा लॉऱ्यांची बॉनेटं वर! बिसुनने कौतुकाने तिकडे पाहत ओठांवरून जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. जीभ ओठांना कळेनाच! बधिर! नगोना प्याल्यावर होते तशी!

त्याने हळूच खाली पाहिलं. आपला डिझेलचा कॅन तोंडापर्यंत भरलेला आणि काकांचा नगोन्याचा कॅन अर्धा! बिसुनच्या पायाखालची जमीनच सरकली.

"बिसुन, माझा कॅन जरा इकडे दे रे!" काका बॉनेटखालून ओरडले. "घसा कोरडा पडलाय!"

"काका, तो... कुत्र्याने सांडला अर्धा."

"झाकण लावलं होतं की!"

"हल्लीची कुत्री फार हुशार, काका!"

खरं सांगून टाकावं, असं त्याला एकदा वाटलं. मग त्याने अपिसाईचे दंड पाहिले आणि तो विचार गिळून टाकला. गुपचूप फिल्टर उतरवला, डिझेलने धुतला, पिवळं स्वच्छ डिझेल येईपर्यंत हातपंप मारला आणि सेल्फ दिला. लॉरी धडाडून उठली! नेमका तेव्हाच कारखान्याचा भोंगा झाला. रांग सुटली!

सुटली कसली? पुढच्या सहाही जणांनी फिल्टर काढून परत बसवले होते. आता त्या लॉऱ्यांनी खरोखरच एअर धरली होती. एकही सुरू होईना!

"उस्ताद, तुझी झाली ना? मग आता आमच्या बघ!"

"पण बिसुन भैया," अपिसाई डोकं खाजवत म्हणाला, "आमच्या फिल्टरमधून तर स्वच्छच निघालं."

"वेळेवर उघडलंत म्हणून!" बिसुन म्हणाला. दुसरं काय बोलणार?

साडेतीन वाजले होते. पुढच्या हलल्याशिवाय आपली हलत नाही. बिसुन पाना घेऊन धावला. नट ढिले कर, पंप मार, बुडबुडे संपेपर्यंत थांब, आवळ, "मार सेल्फ!" पहिली गेली. दुसरी गेली. अपिसाईच्या लॉरीने अर्धा तास खाल्ला. हाताची सालं निघाली, शर्टाचं पोतेरं झालं आणि मनातल्या मनात बिसुनने स्वतःला शिव्यांची लाखोली वाहिली. मुनसामीकाकांची म्हातारी लॉरी पाचला एक मिनिट असताना एकदाची खोकली आणि फाटकातून आत गेली.

बिसुन छाती फुटेस्तोवर पळत मागे आला, लॉरीत चढला आणि फाटकाशी पोचला. रखवालदार साखळी लावत होता.

"भैया, एकच मिनिट!"

"पाच वाजले. सोमवारी या."

आतून सहा भोंगे एकदम वाजले. "देव भेटलास रे बिसुन!" काका खिडकीतून ओरडले. "तू नसतास तर आज सगळ्यांची इंजिनं गेली असती!"

खिशात फोन वाजला. सुभागीचाच.

"अहो, झाली का रिकामी?"

"झाल्या की! सहाच्या सहा झाल्या."

"सहा? आपली तर एकच आहे ना?"

"हो," बिसुन म्हणाला. "तेवढी राहिली."